हिरव्या भुकटीत नेमके काय असते? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

स्पिरुलिना, क्लोरेला आणि तत्सम सूक्ष्मशैवालांपासून मिळणाऱ्या आरोग्यवर्धक द्रव्यांवर मागील अंकात एक छोटे टिपण दिले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या खासगीपणाचा विचार करून छापलेली नाहीत.

लोणार सरोवराचे पाणी आम्ही लहानपणापासून हिरवे पाहत आलो आहोत. त्यात स्पिरुलिना असते असे ऐकले. औषधाच्या दुकानात मिळते ती हीच का, आणि डबक्यातल्या शेवाळापेक्षा ती वेगळी कशी? (निवृत्त शिक्षक, मेहकर, जि. बुलढाणा)

होय, लोणारच्या पाण्यात स्पिरुलिना नैसर्गिकरीत्या वाढते. तेथील पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो आणि अशा पाण्यात बहुतेक जीवांचा निभाव लागत नाही. स्पिरुलिनाला मात्र हेच पाणी मानवते. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला, तर घड्याळातल्या स्प्रिंगसारखे पीळदार हिरवट धागे संथपणे सरकताना दिसतात. या पिळावरूनच तिला हे नाव मिळाले. शास्त्रीयदृष्ट्या ती शैवाल नसून प्रकाशसंश्लेषण करणारा नील-हरित जीवाणू आहे आणि शास्त्रीय लेखनात तिला बहुधा आर्थ्रोस्पिरा म्हणतात. व्यवहारात तिची गणना सूक्ष्मशैवालांतच होते, म्हणून येथेही तोच शब्द वापरतो.

माणसाने ती खाण्याची परंपरा जुनी आहे. आफ्रिकेतील चाड सरोवराच्या परिसरातील कानेम्बू स्त्रिया पाण्यावरची हिरवी साय गोळा करतात, वाळूवर पसरून वाळवतात आणि तिच्या वड्या करून कालवणात घालतात. या वड्यांना तेथे ‘दिहे’ म्हणतात. मेक्सिकोत स्पॅनिश लोक पोहोचले, तेव्हा टेक्सकोको सरोवरातून काढलेल्या अशाच वड्या तेथील बाजारात विकल्या जात होत्या. ठाण्याच्या खाडीत थव्याने उतरणाऱ्या लहान रोहित पक्ष्यांचे मुख्य अन्नही याच कुळातील सूक्ष्मजीव आहेत. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंग या अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून येतो.

असे असले तरी लोणारचे पाणी आणून त्यातून स्पिरुलिना गाळण्याचा विचार कोणी करू नये. सरोवर संरक्षित आहे, आणि दुसरे कारण अधिक गंभीर आहे. नैसर्गिक जलाशयात कधीच एक जात एकटी वाढत नाही आणि नील-हरित जीवाणूंच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे यकृताला घातक विष तयार करतात. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातल्या अप्पर क्लॅमथ सरोवरातून अशीच एक जात काढून तिच्या गोळ्या विकल्या जातात. त्यांत शेजारच्या जातींचे विष मिसळते असे आढळल्यामुळे १९९७ मध्ये त्या राज्याला एका ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घालावी लागली. दुकानातली चांगली स्पिरुलिना खास बांधलेल्या हौदात, निवडलेल्या बियाण्यापासून वाढवलेली असते आणि डबक्यातल्या शेवाळात व तिच्यात व्यवहाराच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा फरक आहे.

जाता जाता एक खुलासा करतो. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा अनेकांनी ते शैवालामुळे झाले असे मानले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे हॅलोआर्किया या खारप्रेमी सूक्ष्मजीवांचा रंग असल्याचे दिसून आले.

माझे बी-१२ फार कमी आले आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. एका विक्रेत्याने सांगितले की स्पिरुलिना घेतल्यास इंजेक्शनची गरज राहत नाही, आणि डबीवरही बी-१२ भरपूर असल्याचे लिहिले आहे. डॉक्टरांचे औषध बंद करावे का? (गृहिणी, नाशिक)

कृपया बंद करू नका. आलेल्या सर्व पत्रांत मला सर्वांत जास्त काळजी आपल्या पत्राने वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पिरुलिनामध्ये बी-१२ सारखा दिसणारा जो पदार्थ असतो, तो बहुतांशी ‘छद्म बी-१२’ असतो. त्याच्या रेणूची ठेवण खऱ्या जीवनसत्त्वासारखी आहे, पण त्याचा एक भाग वेगळा आहे. आपल्या जठरातून स्रवणारे एक विशिष्ट प्रथिन बी-१२ ला धरून आतड्यापर्यंत नेते आणि तेथे ते शोषले जाते. हे प्रथिन छद्म रेणूला नीट धरत नाही, त्यामुळे तो शरीराच्या उपयोगी पडत नाही.

मग डबीवर आकडा येतो कोठून? बी-१२ मोजण्याची जुनी आणि स्वस्त पद्धत अशी, की एका जीवाणूला तो पदार्थ खायला घालायचा आणि त्याची वाढ किती होते ते पाहायचे. त्या जीवाणूला खरा आणि छद्म असे दोन्ही रेणू चालतात, म्हणून त्याची वाढ जोमाने होते आणि आकडा मोठा येतो. म्हणजे लेबल छापणाऱ्याने खोटे लिहिलेच असेल असे नाही. मोजले ते जीवाणूच्या गरजेचे आणि छापले ते माणसासाठी.

बी-१२ ची कमतरता दीर्घकाळ राहिली तर हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण असे मज्जासंस्थेचे त्रास सुरू होतात आणि उशीर झाल्यास ते पूर्णपणे भरून येत नाहीत. शाकाहारी व्यक्तीला बी-१२ देणारे घरातले पदार्थ म्हणजे दूध, दही, ताक आणि पनीर. रक्तातली पातळी आपल्याइतकी खाली गेली असेल, तर मात्र गोळ्या किंवा इंजेक्शन यांना पर्याय नाही. औषधातील बी-१२ जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते, तेव्हा शाकाहाराच्या दृष्टीनेही मनात किंतु बाळगण्याचे कारण नाही. क्लोरेलाच्या काही नमुन्यांत खरे बी-१२ आढळले आहे, परंतु त्याचे प्रमाण नमुन्यागणिक इतके बदलते की उपचार म्हणून त्यावर विसंबता येत नाही.

‘एक किलो स्पिरुलिना म्हणजे हजार किलो भाज्या आणि फळे’ असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. आमच्या भागातील मुलींमध्ये रक्त कमी आहे. त्यांच्या आयांना हे सांगावे का? (अंगणवाडी सेविका, सोलापूर जिल्हा)

आपण विचारलेत हे फार चांगले केले, कारण आपल्या शब्दावर गावातल्या आया विश्वास ठेवतात. हा हिशेब आपणच करून पाहू. वाळवलेल्या स्पिरुलिनात शंभर ग्रॅममागे साधारण ५७ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे किलोमागे ५७० ग्रॅम. पालेभाजीत अगदी शेकडा एक इतकेच प्रथिन धरले, तरी हजार किलो भाजीत ते १० किलो होते. ‘क’ जीवनसत्त्वाची स्थिती आणखी स्पष्ट आहे. किलोभर स्पिरुलिनात ते साधारण १०० मिलीग्रॅम मिळते, तर एका चांगल्या पेरूत त्याहून जास्त असते.

लोहाचे पाहू. शंभर ग्रॅम स्पिरुलिनात सुमारे २८ मिलीग्रॅम लोह असते आणि हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण शंभर ग्रॅम कोणी खात नाही. दिवसाला घेतल्या जाणाऱ्या ३ ग्रॅम भुकटीतून १ मिलीग्रॅमसुद्धा लोह मिळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलीग्रॅम लोहाची गरज आहे. त्याच ३ ग्रॅममधून प्रथिने दोन ग्रॅमही मिळत नाहीत, तर एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात.

स्पिरुलिनातील प्रथिने दर्जेदार असतात आणि तिच्या पेशीला सेल्युलोजची कठीण भिंत नसल्यामुळे ती पचायलाही हलकी असते. शरीर ज्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवते ते बीटा कॅरोटीनही तिच्यात चांगले असते. परंतु जिच्या घरात महिन्याच्या किराण्याचा हिशेब रुपया-रुपयाने होतो, त्या बाईला ही महाग भुकटी घ्यायला सांगू नये. लोहाच्या गोळ्या नियमित घेणे, जेवणात शेवग्याचा पाला, कडधान्ये आणि सोबत लिंबाची फोड ठेवणे, आणि जेवणानंतर लगेच चहा टाळणे, हे आपण आज सांगता तेच योग्य आहे.

मुलगी गर्भवती आहे. तिच्या डॉक्टरांनी ‘शैवालापासून बनवलेले डीएचए’ लिहून दिले आहे. आमच्याकडे मासे चालत नाहीत. जवसाची चटणी रोज खाल्ली तर पुरणार नाही का? आणि शैवालात तेल कसे असेल? (आई, पुणे)

जवसाची चटणी अवश्य खावी, पण डीएचएची जागा ती घेऊ शकत नाही. डीएचए हे ओमेगा-३ गटातले लांब साखळीचे स्निग्धाम्ल, म्हणजे तेलाचा एक घटक आहे. जवसात ओमेगा-३ गटातले जे स्निग्धाम्ल असते, त्याची साखळी आखूड असते. आपले शरीर ती लांबवून डीएचए बनवू शकते खरे, परंतु त्यातला फारच थोडा भाग शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचतो. बाळाच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात साठते ते डीएचएच.

तेलाचे म्हणाल, तर माशांच्या तेलाचे मूळही शैवालातच आहे. समुद्रातील सूक्ष्मशैवाले डीएचए तयार करतात, बारीक प्राणी ती खातात, त्यांना तारली-बांगड्यासारखे मासे खातात आणि अशा रीतीने ते तेल माशांत साठते. १९८० च्या दशकात अंतराळवीरांसाठी शैवालापासून अन्न बनवण्याचे संशोधन अमेरिकेत चालू होते. त्यात काम केलेल्या शास्त्रज्ञांनी पुढे मार्टेक नावाची कंपनी काढली आणि माशांना वगळून थेट सूक्ष्मजीवापासून डीएचए काढण्याचे तंत्र बसवले. लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीत ते वापरण्याचा मार्ग तेथे २००१ मध्ये मोकळा झाला. आज यासाठी मुख्यत्वे वापरला जाणारा स्किझोकायट्रियम हा जीव बंद टाकीत, अंधारात, साखरेवर वाढवतात. त्याला हरितद्रव्य नसते, म्हणून काटेकोर वर्गीकरणात तो शैवालांचा दूरचा नातेवाईक ठरतो.

उपयोगाबद्दलही नेमके सांगतो. २०१८ मध्ये ७० चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गरोदरपणी ओमेगा-३ घेणाऱ्या स्त्रियांमध्ये ३७ आठवड्यांपूर्वी होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण १३.४ टक्क्यांवरून ११.९ टक्क्यांवर, तर ३४ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतींचे प्रमाण ४.६ वरून २.७ टक्क्यांवर आलेले दिसले. यातल्या बहुतेक चाचण्या माशांच्या तेलाच्या होत्या, पण डीएचएचा रेणू दोन्हीकडे एकच आहे. ‘बाळ बुद्धिमान होईल’ या जाहिरातीतल्या आश्वासनाला मात्र तितका भक्कम आधार मिळालेला नाही. गरोदरपणात रोज किमान २०० मिलीग्रॅम डीएचए मिळावे असा सर्वसाधारण सल्ला असतो, तेव्हा कॅप्सूलच्या वेष्टनावर एकूण तेलाचे वजन न पाहता डीएचएचा आकडा पाहावा. शिवाय आत शैवालाचे तेल असले, तरी बाहेरचे आवरण जिलेटिनचे असू शकते. आपल्याला ते चालणार नसेल, तर हिरवा ठिपका पाहूनच घ्यावे.

वय ६१. गेली ३५ वर्षे सिगारेट ओढतो. डोळ्यांसाठी ड्युनालिएला या शैवालापासून काढलेल्या ‘नैसर्गिक बीटा कॅरोटीन’च्या कॅप्सूल घ्याव्यात असे कोणी सुचवले आहे. नैसर्गिक असल्यामुळे अपाय नसेल ना? (कोल्हापूर)

आपण त्या घेऊ नयेत, असे मी स्पष्टपणे सांगतो.

ड्युनालिएला हा विलक्षण जीव आहे. मिठागरात पाणी आटत जाऊन मीठ धरू लागते, तेथेही तो तग धरतो. ऊन कडक झाले आणि पोषण कमी पडले, की तो आपल्या पेशीत बीटा कॅरोटीन साठवू लागतो आणि हिरव्याचा नारिंगी होतो. त्याच्या कोरड्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत हे द्रव्य असू शकते. प्रश्न आहे तो धूम्रपान करणाऱ्याच्या फुफ्फुसात ते मोठ्या मात्रेत गेल्यावर काय होते याचा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. कर्करोग टळेल या आशेने काहींना रोज २० मिलीग्रॅम बीटा कॅरोटीन दिले होते. १९९४ मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील दुसऱ्या चाचणीत बीटा कॅरोटीनबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वही दिले होते. तेथे ही वाढ २८ टक्के दिसली आणि जानेवारी १९९६ मध्ये ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

या दोन्ही चाचण्यांत कारखान्यात बनवलेले बीटा कॅरोटीन होते हे खरे. पण शैवालातले त्याहून सुरक्षित आहे असे धूम्रपान करणाऱ्यांत कोणी सिद्ध केलेले नाही, आणि आपण स्वतःवर तो प्रयोग करू नये. गाजर, भोपळा, पपई बिनधास्त खावी. डोळ्याच्या पडद्याचा वार्धक्यजन्य विकार असेल, तर नेत्रतज्ज्ञ बीटा कॅरोटीन वगळून ल्युटिन असलेले मिश्रण देतात. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासानंतर हा बदल झाला. हे ल्युटिन बहुधा झेंडूच्या पाकळ्यांतून काढलेले असते. सिगारेट सोडणे हे मात्र डोळे आणि फुफ्फुसे या दोहोंसाठी कोणत्याही कॅप्सूलपेक्षा मोठे औषध आहे.

शेतात एक गुंठ्यावर स्पिरुलिनाचा हौद करायचा विचार आहे. बियाणे देणारे ‘सगळा माल आम्हीच परत घेऊ’ असे म्हणतात आणि आगाऊ रक्कम मागतात. परवडेल का? (तरुण शेतकरी, पंढरपूर तालुका)

आपल्याकडचे ऊन आणि उष्णता तिला मानवते, कारण ३० ते ३५ अंश तापमानात ती उत्तम वाढते. हौद वीतभर खोल, पाणी सतत हलते ठेवणारा पंखा, पाण्यात मुख्यत्वे खाण्याचा सोडा आणि थोडी इतर क्षारद्रव्ये, असा हा मांड असतो. सामू ९ च्या खाली घसरू दिला, की इतर जीव हौदात शिरतात. म्हणून रोज सकाळी सामू मोजणे हे तिथले दूध काढण्याइतकेच न चुकणारे काम आहे. काढणीच्या वेळी पाणी बारीक जाळीच्या कापडातून गाळतात. वर राहिलेला गडद हिरवा गोळा दाबून निथळतात, सोऱ्यातून त्याच्या शेवया पाडतात आणि ताबडतोब वाळवतात. ओला गोळा काही तासांतच नासतो आणि नासल्याचा वास लपत नाही.

आता हिशेब पाहा. उघड्या हौदात चौरस मीटरमागे दिवसाला ८ ते १० ग्रॅम कोरडा माल निघाला, तर व्यवस्था चांगली चालली असे समजावे. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, म्हणजे चांगल्या दिवशी किलोभर माल. पावसाळ्यात आणि कडक थंडीत तो बराच घटतो. कोणी गुंठ्यात दिवसाला पाच किलोचे स्वप्न दाखवत असेल, तर त्याला तेथेच नमस्कार करावा. खरेदीची हमी देऊन आगाऊ रक्कम घेणारे आणि पुढे ‘दर्जा बसत नाही’ म्हणून माल नाकारणारे माझ्या परिचयातल्या दोन शेतकऱ्यांना भेटले आहेत. त्यांतल्या एकाच्या घरात अजून शेवयांची पिंपे तशीच पडून आहेत.

दर्जाचा मुद्दा मात्र खोटा नाही. ही शैवाले पाण्यातले जड धातू आपल्याकडे ओढून घेतात. शेतीच्या दर्जाची खते वापरली किंवा बोअरच्या पाण्यात आर्सेनिक वा शिसे असले, तर ते भुकटीत उतरते. म्हणून पाण्याची तपासणी हौद बांधण्यापूर्वी करावी. रसायने खाद्य दर्जाचीच घ्यावीत. विक्रीसाठी अन्नसुरक्षेचा परवाना आणि प्रत्येक घाण्याचा जड धातू, जीवाणू व मायक्रोसिस्टिन यांचा अहवाल यांचा खर्च आधीच धरावा. माझा सल्ला असा, की दोन-तीन चौरस मीटरच्या टाकीवर वर्षभर हात बसवावा आणि गिऱ्हाईक स्वतः शोधून मगच गुंठ्याचा विचार करावा.

आई वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणूनचे औषध) घेते. क्लोरेलाच्या गोळ्या चालतील का? (ठाणे)

डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालणार नाहीत. क्लोरेलात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते वॉरफरिनच्या नेमके उलट काम करते. स्वप्रतिकार विकार असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपणानंतर औषधे घेणाऱ्यांनी आणि फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनीही या सर्व भुकट्यांपासून दूर राहावे. १९७७ मध्ये जपानात क्लोरेलाच्या गोळ्या घेतलेल्या काही लोकांची कातडी उन्हात भाजल्यासारखी झाली होती. गोळ्यांतील हरितद्रव्याचे विघटन होऊन जो पदार्थ बनला होता, तो त्याला कारणीभूत ठरला.

आईची स्पिरुलिना मी ग्लासभर पाण्यात टाकून विसरले. सकाळी पाणी निळे झाले होते! भेसळ आहे का? (इयत्ता नववी, रत्नागिरी)

भेसळ नाही, उलट हे चांगले लक्षण आहे. तू पाहिलास तो फायकोसायनिन नावाचा निळा रंग. तो पाण्यात विरघळतो, तर हिरवा रंग देणारे हरितद्रव्य विरघळत नाही, म्हणून रात्रभरात निळा तेवढा बाहेर आला. सूर्यप्रकाशातला जो नारिंगी-तांबडा भाग हरितद्रव्याला नीट पकडता येत नाही, तो हे फायकोसायनिन पकडते आणि ती ऊर्जा हरितद्रव्याकडे पोहोचवते. दाह कमी करण्याच्या त्याच्या गुणावर पुष्कळ संशोधन चालू आहे, पण त्यातले बहुतेक अजून प्रयोगशाळेतल्या पेशी आणि उंदीर यांच्यापुरतेच आहे. खाद्यरंग म्हणून मात्र ते रुळले आहे आणि अमेरिकेत २०१३ पासून गोळ्या-चॉकलेटांत त्याला परवानगी आहे.

आता आणखी दोन गोष्टी करून पाहा. निळ्या पाण्याचा अर्धा भाग आईच्या मदतीने गॅसवर गरम कर. उकळी येण्याच्या बऱ्याच आधी निळा रंग उडेल, कारण ते प्रथिन आहे आणि उष्णतेने अंड्याच्या पांढऱ्या भागासारखेच त्याचे रूप बिघडते. म्हणूनच ही भुकटी उकळत्या आमटीत घातली तर तिचा निळा रंग राहत नाही. उरलेला अर्धा भाग स्वच्छ काचेच्या ग्लासात गाळून घे, खोलीत अंधार कर आणि एका बाजूने मोबाइलच्या विजेरीचा प्रकाश सोडून ग्लासाकडे दुसऱ्या बाजूने, तिरके पाहा. पाणी पुरेसे स्वच्छ असेल, तर निळ्या पाण्यातून तांबूस प्रकाश बाहेर पडताना दिसेल.